‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ : पहिलं वेब अ‍ॅप बनवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यावरचे उपाय

व्हिडिओ बघत बघत पहिलं वेब अ‍ॅप बनवलं, स्वतःच्या लॅपटॉपवर झकास चाललं, आणि मित्राच्या फोनवर उघडलं तर पांढरी स्क्रीन. माझ्याकडे प्रोजेक्ट दाखवायला येणाऱ्या बहुतेक मुलांची तक्रार हीच असते. पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. एररचा मेसेज न वाचता सगळा कोड एआयला चिकटवायचा, तो सांगेल ते बदलायचं, आणि तासाभरानं मुळात काय होतं तेच आठवत नाही.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा, होस्टेलजवळच्या खानावळीसाठी तुम्ही डब्याचं अ‍ॅप बनवताय. मुलं रात्री फोनवरून ‘उद्या डबा हवा’ किंवा ‘नको’ अशी नोंद करणार, आणि काकू सकाळी यादी बघून कणीक मळायला घेणार. अ‍ॅप छोटंसंच आहे. पण यादी चुकली तर कुणीतरी उपाशी राहणार किंवा काकूंचं अन्न वाया जाणार.

आधी शोधा, अडलंय कुठे

वेब अ‍ॅप तीन ठिकाणी अडू शकतं : ब्राउझरमध्ये, वाटेत, किंवा सर्व्हरवर (डेटाबेस त्याच्यातच धरा). कोडला हात लावण्याआधी यातलं कोणतं ते ठरवा. लॅपटॉपवर क्रोम उघडून एफ १२ दाबा. ‘कन्सोल’ टॅबमध्ये जावास्क्रिप्टच्या एरर दिसतात आणि ‘नेटवर्क’ टॅबमध्ये ब्राउझरनं काय मागितलं नि काय परत आलं ते दिसतं.

नेटवर्क टॅबमधला आकडा बघायची सवय लावून घ्या. ४०४ आला म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण तो पत्ता तिथे नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. ५०० आला म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा कोड कोसळला. अशा वेळी ब्राउझरकडे बघत बसू नका, खरी एरर सर्व्हर जिथे चालू आहे त्या टर्मिनलमध्ये छापलेली असते. ४०१ म्हणजे लॉगिन पोचलेलं नाही. आणि आकडाच आला नाही, नुसतं ‘फेल्ड’ दिसलं, तर सर्व्हर बंद आहे, पत्ता चुकलाय किंवा कॉर्सचा मामला आहे. कॉर्सकडे पुढे येतोच.

एक एरर जवळपास सगळ्यांना भेटते : ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे < हे चिन्ह. मुलं तासभर जेसनमध्ये चूक शोधतात. पण हे चिन्ह म्हणजे एचटीएमएल पानाची सुरुवात. तुम्ही डब्यांची यादी मागितली आणि सर्व्हरनं ‘पान सापडलं नाही’ असं लिहिलेलं अख्खं वेबपेज पाठवलं. म्हणजे चूक पत्त्यात किंवा सर्व्हरमध्ये आहे, जेसनमध्ये नाही. इथे अजून एक खाच आहे. जावास्क्रिप्टचं ‘फेच’ ४०४ किंवा ५०० आलं तरी त्याला अपयश मानत नाही. उत्तर आलं ना, मग झालं, असा त्याचा हिशोब. म्हणून उत्तर उघडण्याआधी त्यातलं ‘ओके’ तपासायचं.

यादीच्या जागी ‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’ असे शब्द दिसले तर कुठेतरी ‘अवेट’ राहिलंय. आणि बटण दाबल्यावर पान क्षणभर चमकून फॉर्म रिकामा होत असेल, तर फॉर्म आपल्या जुन्या सवयीप्रमाणे पान पुन्हा लोड करतोय. त्याला ‘प्रिव्हेंट डीफॉल्ट’नं थांबवा.

फोनवर उघडतच नाही

‘लोकलहोस्ट’ या शब्दाचा अर्थ ‘हेच मशीन’. लॅपटॉपवर तो शब्द म्हणजे लॅपटॉप, पण फोनच्या ब्राउझरमध्ये तोच शब्द टाकला की फोन स्वतःकडेच बघतो, आणि तिथे तुमचा सर्व्हर नसतो. तसं बघायला गेलं तर मित्राला लोकलहोस्टची लिंक पाठवणं म्हणजे ‘माझ्या घरी ये’ म्हणून त्याला त्याच्याच घरचा पत्ता देणं.

दोघं एकाच वायफायवर असतील तर लॅपटॉपचा खरा आयपी पत्ता शोधा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ कमांड दिली की तो दिसतो. बऱ्याच घरगुती वायफायवर तो १९२.१६८ नं सुरू होतो. तो पत्ता, मग कोलन, मग पोर्ट क्रमांक असं फोनमध्ये टाका (अंक अर्थातच इंग्रजी). तरीही उघडलं नाही, तर तुमचा सर्व्हर बहुधा फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःपुरताच ऐकतोय. व्हीट वापरत असाल तर सुरू करताना ‘होस्ट’ हा पर्याय द्या. फ्लास्क आणि जँगोमध्ये होस्ट म्हणून ०.०.०.० द्यायचं, आणि जँगोच्या ‘अलाउड होस्ट्स’ यादीत तो आयपीही लिहायचा. विंडोजचा फायरवॉल परवानगी विचारेल, तिथे खाजगी नेटवर्कसाठी हो म्हणा. कॉलेजच्या वायफायवर बऱ्याचदा एका उपकरणाला दुसरं दिसूच दिलं जात नाही. तिथे फोनचं हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर घ्या, काम होतं.

आता पान उघडलं, पण यादी रिकामी? मग तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हरचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिलेलं असणार. तो कोड फोनमध्ये चालतो, म्हणजे तोही फोनमध्येच सर्व्हर शोधतो. पत्ता सेटिंगमधून घ्या, कोडमध्ये कोरून ठेवू नका.

फोनवर एफ १२ नाही, पण त्याची सोय आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात. यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये ‘इन्स्पेक्ट’चं पान उघडा. फोनमधल्या टॅबचा कन्सोल लॅपटॉपवर दिसतो. त्याच पानावर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ आहे. त्यानं फोनमधलं लोकलहोस्ट केबलमधून थेट लॅपटॉपला जोडता येतं. याचा मोठा फायदा म्हणजे लोकेशन आणि कॅमेरा. ब्राउझर या दोन गोष्टी फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर देतो. आयपी पत्ता टाकून उघडलेल्या साध्या पानाला नाही म्हणतो. क्रोमनं लोकेशनबाबत हा नियम २०१६ पासून लावलाय.

अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर ‘व्ह्यूपोर्ट’चा मेटा टॅग राहिलाय. तो नसला की फोन पानाला साधारण ९८० पिक्सेल रुंद समजतो आणि आक्रसून दाखवतो. एका ओळीचं काम.

कॉर्स : सगळ्यांचा नावडता शब्द

‘पोस्टमनमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये चालत नाही.’ हे वाक्य ऐकलं की मी कॉर्स समजतो. ब्राउझरचा नियम असा : एका ओरिजिनवरून आलेल्या पानातल्या कोडला दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचायचं असेल, तर त्या दुसऱ्यानं तशी परवानगी दिली पाहिजे. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही मिळून. त्यामुळे लोकलहोस्ट ५१७३ आणि लोकलहोस्ट ५००० एकाच लॅपटॉपवर असूनही परके ठरतात. हा नियम ब्राउझर पाळतो, पोस्टमन पाळत नाही. कोडं एवढंच आहे.

परवानगी सर्व्हर देतो, म्हणून दुरुस्तीही सर्व्हरवर करायची. एक्सप्रेस असो की फ्लास्क, कॉर्सची तयार लायब्ररी मिळते. तिला तुमच्या पानाचा पत्ता सांगितला की झालं. फेचमध्ये ‘नो-कॉर्स’ लिहिण्याचा सल्ला फिरत असतो, तो ऐकू नका. त्यानं कन्सोलमधला लाल मजकूर जातो खरा, पण उत्तर वाचता येतच नाही. कॉर्स बंद करणारं एक्स्टेंशन तर त्याहून वाईट : तुमच्या ब्राउझरमध्ये चालेल, काकूंच्या फोनवर नाही.

होस्टिंगवर टाकलं आणि मोडलं

लोगो दिसत नाही? विंडोजवर फाइलच्या नावात मोठं अक्षर आणि छोटं अक्षर एकच धरलं जातं. बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं, तिथे ती दोन वेगळी नावं. फाइलींची नावं कायम छोट्या अक्षरांत ठेवा. आधीच चुकलं असेल तर ‘गिट एमव्ही’नं बदला, कारण विंडोजवर नुसतं अक्षराचं रूप बदललं तर गिटच्या ते बहुधा लक्षातच येत नाही.

आतलं पान रिफ्रेश केलं की ४०४? रिअ‍ॅक्टसारख्या अ‍ॅपमध्ये खरी एचटीएमएल फाइल एकच असते, बाकी पत्ते जावास्क्रिप्ट रंगवते. रिफ्रेश केल्यावर सर्व्हर त्या नावाची फाइल शोधतो आणि ती नसते. सगळे पत्ते मुख्य फाइलकडे वळवण्याची सेटिंग करा.

सगळ्यात जिव्हारी लागणारी अडचण वेगळीच आहे. अ‍ॅप आठवडाभर नीट चालतं, मग तुम्ही एक बटणाचा रंग बदलून नवी आवृत्ती चढवता, आणि सगळ्या नोंदी गायब! होस्टिंगच्या बऱ्याच फुकट योजनांमध्ये डिस्क तात्पुरती असते. नवी आवृत्ती चढली किंवा सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तुम्ही लिहिलेल्या फाइली पुसल्या जातात. एसक्यूलाइट हा डेटाबेस म्हणजे एक फाइलच, तीही जाते. मुलांनी अपलोड केलेले फोटोही. नोंदी वेगळ्या डेटाबेस सेवेत ठेवा आणि त्यांची प्रत अधूनमधून उतरवून घ्या. महिनाअखेरीला पैशांचा हिशोब याच नोंदींवर होणार असतो, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका.

मराठी नावं, मराठी अंक

मराठी मजकूर बिघडला तर तो कसा दिसतो त्यावरून कारण कळतं. चौकोनी डबे दिसले तर फक्त फॉन्ट नाही, मजकूर सुखरूप आहे. टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर बाइट बरोबर आहेत, पण वाचणारा त्यांना यूटीएफ-८ समजत नाहीये. मेटा टॅगमध्ये किंवा डेटाबेसच्या कनेक्शनमध्ये तसं सांगा. डेटाबेसमध्येच ओळीनं प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र साठवतानाच अक्षरं हरवली, ती परत मिळणार नाहीत. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. तिथलं जुनं ‘यूटीएफ८’ एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरीला तेवढे पुरतात, पण इमोजीला ४ लागतात, आणि कुणी नावापुढे इमोजी टाकलं की एरर येते किंवा मजकूर तिथेच तुटतो.

मराठी कीबोर्डवरून कुणी ‘१२’ डबे लिहिले तर जावास्क्रिप्ट त्याला आकडाच मानत नाही, ‘नॅन’ म्हणतं. पायथन मात्र तोच मजकूर निमूटपणे बारा म्हणून वाचतो. देवनागरी अंकांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५ असे ओळीनं आहेत. प्रत्येकातून २४०६ वजा केले की खरा अंक मिळतो.

आणि वसईचा किंवा गोव्याचा कुणी डिसोझा आला, ज्याच्या इंग्रजी नावात डीनंतर वर स्वल्पविराम असतो, तर? नाव थेट एसक्यूएलच्या वाक्यात जोडलं असेल तर त्या एका चिन्हानं वाक्य तुटतं आणि त्याची नोंद होत नाही. काही जण ते चिन्ह नावातून काढून टाकतात. पण ज्या फटीतून ते चिन्ह शिरलं, त्याच फटीतून कुणी खोडकर माणूस अख्खी यादी पुसणारी आज्ञा घुसवू शकतो. वाक्यात प्रश्नचिन्हासारखी रिकामी जागा ठेवायची आणि नाव वेगळं द्यायचं. प्रत्येक डेटाबेस लायब्ररीत ही सोय असते. डिसोझाचं नाव जसंच्या तसं राहतं आणि फटही बुजते.

तारीख एक दिवस मागे

आपली वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. होस्टिंगच्या सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर असतं. म्हणजे रात्री १२ ते पहाटे ५:३० या काळात सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस चालू असतो. होस्टेलची मुलं नोंदी करतात नेमक्या याच वेळेत! कुणी साडेबाराला ‘उद्याचा डबा हवा’ दाबलं, तर सर्व्हर ती नोंद एक दिवस आधीच्या खात्यात टाकतो. जावास्क्रिप्टमध्ये १५ ऑगस्टची मध्यरात्र बनवून ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ केलं की १४ ऑगस्ट, १८:३० मिळतं, तेही याच कारणानं. शिवाय तिथे महिने शून्यापासून मोजतात, ऑगस्ट म्हणजे ७. डब्याची किंवा वाढदिवसाची तारीख वेळेशिवाय, नुसती तारीख म्हणूनच साठवा, आणि ‘आज’ कोणता ते ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन देऊन ठरवा.

किल्ली उघड्यावर

नकाशा, एसएमएस किंवा एआय सेवेची एपीआय की गिटहबवर सार्वजनिक झाली तर ती शोधत फिरणारे बॉट असतात, आणि बिल किल्लीच्या मालकाच्या नावावर चढतं. फाइल काढून पुन्हा पुश करणं पुरेसं नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. म्हणून आधी त्या सेवेच्या साइटवर जाऊन जुनी किल्ली रद्द करा, मगच इतिहास साफ करत बसा. नवी किल्ली ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये ठेवा, ती फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये लिहा, आणि होस्टिंगवर तीच किल्ली तिथल्या सेटिंगमध्ये भरा. फक्त व्हीटमध्ये एक लक्षात घ्या : ज्या किल्लीचं नाव ‘व्हीट’ या शब्दानं सुरू होतं ती ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये मिसळली जाते, मग ती कुणालाही एफ १२ दाबून वाचता येते. गुपित ठेवायची किल्ली फक्त सर्व्हरच्या कोडमध्ये वापरा, आणि पानानं सर्व्हरकडे मागावं.