सर्वांगीण शिक्षण

सर्वांगीण शिक्षण म्हणजे मुलाच्या केवळ बौद्धिक प्रगतीकडे न पाहता त्याचे शरीर, भावना, भाषा, हस्तकौशल्य, सामाजिक वर्तन व सौंदर्यदृष्टी या सर्वांचा एकत्रित विचार करणारी शिक्षणपद्धती होय. मराठीत या अर्थी 'समग्र शिक्षण' व 'साकल्याचे शिक्षण' हे शब्दही योजले जातात. मात्र 'समग्र शिक्षा' हे २०१८ पासून राबविल्या जाणाऱ्या एका शासकीय योजनेचे नाव असल्याने दोहोंत गल्लत होऊ नये. मूल शाळेत येते ते रिकाम्या पाटीसारखे नव्हे. त्याची भूक, घरची भाषा, आईबापांचा व्यवसाय आणि अंगावर पडलेली कामे ही सारी त्याच्याबरोबर वर्गात येतात. या सर्वांची दखल घेतल्यावाचून अक्षरओळखही नीट होत नाही, हे या विचाराचे मूळ गृहीतक आहे.

संकल्पना

भारतीय परंपरेत या कल्पनेचा आधार म्हणून तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांचा उल्लेख केला जातो. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय व आनंदमय असे हे पाच कोश असून त्यांचा अनुक्रमे शरीर, प्राणशक्ती, मन, बुद्धी व आनंद यांच्याशी संबंध जोडतात. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने निगडी येथील आपल्या गुरुकुलात पंचकोशांवर आधारलेली शिक्षणयोजना राबविली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही हीच परिभाषा स्वीकारलेली दिसते.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी रूसो, पेस्तालोझी, फ्रोबेल, जॉन ड्यूई आणि मारिया माँटेसरी यांची नावे या संदर्भात घेतली जातात. महाराष्ट्रावर प्रत्यक्ष प्रभाव पडला तो प्रामुख्याने माँटेसरीबाईंचा, आणि तोही गुजरातमार्गे.

महाराष्ट्रातील वाटचाल

महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडलेल्या 'नई तालीम' योजनेत हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू होता. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला आणि सेवाग्राम येथे आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दांपत्याने ती चालविली. टकळीवर सूत काढताना गणित, भूगोल व इतिहास शिकावा, अशी तिची धाटणी होती. पुढे अनेक शाळांत टकळी तेवढी उरली आणि तिच्याभोवतीचे शिक्षण गळून पडले.

त्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून चालविले. मुलांची अंथरुणे आवरण्यापासून त्यांच्या आजारपणातील शुश्रूषेपर्यंतची कामे ते स्वतः करीत. त्यांनी कोणताही शिक्षणसिद्धान्त मांडला नाही, तरी मराठी शिक्षकांच्या मनावर त्यांच्या उदाहरणाचा ठसा कोणत्याही ग्रंथाहून अधिक खोल उमटला आहे.

बोर्डी व कोसबाड

मराठी मुलखात सर्वांगीण शिक्षणाचा सर्वांत सखोल प्रयोग ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी केला. ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. नंतर मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार उभारला. तेथे येणारी मुले मध्यमवर्गीय होती आणि माँटेसरीची साधने महाग होती. खेड्यातील गरीब मुलांना ही पद्धत लागू पडेल काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण वस्त्यांवरची मुले येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. एखाद्या घराचे अंगण झाडून, सारवून तेथे मुले जमविण्यात येऊ लागली. 'अंगणवाडी' हा शब्द व ती कल्पना अशी रूढ झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे आणि काही खाऊ घालणे यांनी दिवसाचा आरंभ होई. परदेशी साधनांची जागा शिंपल्या, खडे, बिया व पाने यांनी घेतली. मोजणे, वर्गवारी करणे, रंग व आकार ओळखणे हे सारे त्यांतूनच शिकविले जाई.

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर हलविण्यात आले. तेथील वारली मुलांच्या बाबतीत नव्या अडचणी पुढे आल्या. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा येत नसे, कारण त्याच्यामागे गुरे असत. यांवर निघालेले उपाय शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सापडणारे नव्हते. भावंडासाठी शाळेला लागूनच पाळणाघर काढण्यात आले. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' सुरू झाली, म्हणजे शिक्षकच गुरांमागे माळावर जाऊ लागले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणाऱ्या या रचनेला 'विकासवाडी' असे नाव मिळाले. धाकटे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरले वर्गात, अशी सारी भावंडे एका आवारात असत. त्यामुळे थोरल्या मुलीची सुटका झाली, हे या प्रयोगाचे सर्वांत मोठे फलित मानता येईल.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या गावपातळीवरील केंद्राला 'अंगणवाडी' हेच नाव आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहारशिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तीत अंतर्भूत आहेत. प्रत्यक्षात आहाराला प्राधान्य मिळून शालापूर्व शिक्षण मागे पडते, असे अभ्यासक वारंवार नोंदवीत आले आहेत.

पुढील काळात लीलाताई पाटील यांचे कोल्हापूर येथील सृजन आनंद विद्यालय (१९८५), मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रेरणेने फलटणला सुरू झालेले कमला निंबकर बालभवन (१९८६) व पुण्याचे अक्षरनंदन (१९९२) या शाळांनी ही परंपरा निरनिराळ्या वाटांनी पुढे नेली.

सोलापूर जिल्ह्यातील परिस्थिती

सोलापूर शहर व जिल्हा यांचा विचार केल्यास सर्वांगीण शिक्षणाची गरज पुस्तकी न राहता व्यावहारिक होते. त्याचे पहिले कारण भाषा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर समाज मोठ्या संख्येने आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत अनेक घरांत कन्नड बोलली जाते, तर शहरात उर्दू भाषकांची वस्तीही जुनी आहे. त्यामुळे येथे मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व उर्दू माध्यमाच्या शाळा चालत आल्या. मराठी माध्यमात घातलेल्या तेलुगू किंवा कन्नड घरच्या मुलाला पहिलीत प्रत्येक शब्द दोनदा शिकावा लागतो. अशा मुलाला 'मंद' ठरविणे ही त्याच्या भाषेकडे केलेली डोळेझाक असते.

दुसरे कारण घरातील काम. हातमाग, यंत्रमाग व विडी हे शहराचे प्रमुख व्यवसाय आहेत. विडीकाम प्रामुख्याने स्त्रिया घरी बसून करतात. कारखान्यातून पान, तंबाखू व दोरा घरी आणायचा, पाने भिजवून कापायची, विड्या वळून बांधायच्या आणि मोजून परत द्यायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. हे काम नगावर असल्याने घरातील लहान हातही त्यात गुंतत, आणि ते बहुधा मुलींचे असत. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकामात मुलांना लावण्यास बंदी केली होती, परंतु कुटुंबाच्या स्वतःच्या कामाला तीत सूट होती. या पळवाटेने घरगुती विडीकाम कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी घातली. शाळेबाहेरच्या वेळात कुटुंबाला मदत करण्याची मुभा मात्र ठेवली आणि तीही धोकादायक कामे वगळून. राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाखाली जिल्ह्यात अशा मुलांसाठी विशेष शाळा चालविल्या गेल्या.

विडी कामगार स्त्रियांच्या घरांसाठी कुंभारी येथे १० हजार घरांची वसाहत उभी राहून २००६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव देण्यात आले आहे. ज्या वर्षी ताराबाई बोर्डीस आल्या त्याच १९४५ साली, त्याच परिसरात, गोदूताई वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यात उतरल्या होत्या. एकीने मुलाचे अंगण पाहिले, तर दुसरीने त्याच्या बापाची मजुरी. दोघींचे कार्य परस्परांस पूरक असूनही शिक्षणाच्या इतिहासात त्यांचा एकत्र उल्लेख क्वचितच होतो.

विणकराच्या घरातील मुलाला मागाचा खटका, ताणा-बाणा, रंगांचे मिश्रण व नक्षीची मोजणी लहानपणीच कळते. चादरीची नक्षी म्हणजे भूमिती व गुणाकार यांचा उत्तम पाठच होय. नई तालीमचा हस्तोद्योग बाहेरून शाळेत आणावा लागला. सोलापुरात तो मुलाच्या घरातच होता. तरीही शाळेने त्याकडे ज्ञान म्हणून फारसे पाहिले नाही.

तिसरे कारण स्थलांतर. सोलापूर हा साखर कारखान्यांची मोठी संख्या असलेला जिल्हा आहे. दिवाळीच्या आसपास बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येथे येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत राहतात. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांचे जवळजवळ अर्धे शैक्षणिक वर्ष बुडते. यावर कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' काढणे आणि मुलांना मूळ गावी ठेवून त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे चालविणे असे दोन उपाय योजले गेले. साखरशाळेत मूल आईजवळ राहते, परंतु पहाटे फडावर जाताना आई त्याला बरोबर नेते आणि हजेरी ढासळते. वसतिगृहात हजेरी टिकते, पण आई पाच-सहा महिने दिसत नाही. लहान मुलाच्या बाबतीत कोणता तोटा कमी, हा प्रश्न सुटलेला नाही. कोसबाडच्या पाळणाघराप्रमाणे फडाजवळच धाकट्यांची सोय झाल्याची उदाहरणे विरळच आढळतात.

माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा १० लाख अमेरिकन डॉलरचा पुरस्कार जाहीर झाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य ९ शिक्षकांत वाटून देण्याचे जाहीर केले. २००९ मध्ये ते या शाळेत रुजू झाले तेव्हा तिची इमारत पडक्या अवस्थेत होती व मुलींची उपस्थिती कमी होती. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून त्यांद्वारे कविता, गोष्टी व चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचविण्याची त्यांची कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी पुढे स्वीकारली. प्रसिद्धी मुख्यत्वे या कोडला मिळाली. त्यामागे पालकांना शाळेशी जोडण्याचे व मुली शाळेत टिकविण्याचे जे काम होते, ते तुलनेने दुर्लक्षित राहिले.

सोलापुरात ज्ञान प्रबोधिनीचेही केंद्र आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या संस्थेने शेजारच्या आताच्या धाराशिव जिल्ह्यात, हराळी येथे, निवासी शाळा सुरू केली. शेतीकाम हा तेथील शिक्षणाचा भाग आहे.

कायदा व धोरण

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ यातील कलम २९ मध्ये मुलाचा सर्वांगीण विकास, भीतीमुक्त वातावरण, शक्यतो मातृभाषेतून अध्यापन आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांचा स्पष्ट निर्देश आहे. कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक व संकलित अशी दुहेरी मूल्यमापन पद्धत लागू झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ५+३+३+४ अशी रचना सुचविण्यात आली असून गुणपत्रिकेऐवजी 'समग्र प्रगतिपत्रक' देण्याची तरतूद आहे. त्यात शिक्षकाबरोबर पालक, सहाध्यायी व स्वतः विद्यार्थी यांचेही अभिप्राय अपेक्षित आहेत.

टीका व मर्यादा

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप तिच्या तत्त्वांवर नसून अंमलबजावणीवर आहे. आकारिक मूल्यमापनात प्रत्येक मुलाचे वर्षभर निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी ठेवणे अपेक्षित होते. दोन शिक्षक व चार इयत्ता असलेल्या शाळेत हे जमणे कठीण. परिणामी तयार नोंदींचे नमुने हातोहात फिरू लागले, आणि 'आवडीने सहभाग घेतो', 'स्वच्छतेची सवय आहे' अशी वाक्ये मुलाचा चेहरा न पाहताही लिहिता येऊ लागली. शिक्षकांवरील जनगणना, निवडणूक व सर्वेक्षणे यांचा भार हेही एक कारण सांगितले जाते.

दुसरा आक्षेप असा की, सर्वांगीण विकासाच्या नावाखाली वाचन, लेखन व गणित या मूलभूत कौशल्यांकडे दुर्लक्ष होते. सृजन आनंद किंवा कमला निंबकर बालभवन यांसारख्या शाळांचा अनुभव याच्या विरुद्ध आहे, पण त्या लहान व निवडक शिक्षकांच्या शाळा आहेत, हेही नाकारता येत नाही. शहरांतील काही महागड्या शाळा नृत्य, घोडेस्वारी व यंत्रमानवशास्त्राचे वर्ग यांची जंत्री 'सर्वांगीण' म्हणून सादर करतात. ताराबाईंच्या कल्पनेशी तिचा संबंध नावापुरताच आहे.

आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरणही वादग्रस्त ठरले. २०१९ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू करण्यात आली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना पुनर्परीक्षेची संधी असून तीतही ते अनुत्तीर्ण झाल्यास त्यांना त्याच वर्गात ठेवले जाते.