टपालाने दिलेला शब्द

पत्रं गेली, तार गेली, आता पोस्टाचंही काही खरं नाही, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. इतिहास चाळला की मला प्रश्न वेगळा दिसतो. टपालखात्याने सामान्य माणसाला एक शब्द दिला होता. तो उरणार की नाही?

टपाल मुळात राजाचं. चौदाव्या शतकात इब्न बतूता मुहम्मद बिन तुघलकाच्या राज्यात आला. सिंधहून दिल्ली पन्नास दिवसांची वाट, पण बातमी सुलतानाला पाच दिवसांत पोचते, असं त्याने लिहून ठेवलंय. घोड्यांची डाक होती, पण हातात घुंगरांची काठी घेऊन धावणारे डाकवाले घोड्यांहून वेगवान होते. पुढे शेरशाहने सरायांमध्ये डाकेचे घोडे ठेवले. कासीद हा शब्द उर्दू गझलेत भेटतो, तसा पेशवाईच्या कागदांतही.

या डाकेतून शेतकऱ्याची खुशाली मात्र जात नव्हती. ज्याच्याकडे पैसा, त्याची वेगळी सोय. १७६१ मध्ये पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली, ती एका सावकारी पत्रातून.

१७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कंपनीची डाक पैसे भरणाऱ्या कुणालाही खुली केली. तरी दर अंतरावर होता, जितकं दूर तितकं महाग. १ ऑक्टोबर १८५४ पासून हे बदललं. पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. इंग्रजांना राज्य चालवायला डाक हवी होती, हे खरंच. पण या एका नियमाने मुंबईतला व्यापारी आणि आडगावची विधवा एकाच रांगेत आले. मी म्हणतो तो शब्द हाच: पत्ता कुठलाही असो, दर एकच.

१८७९ मध्ये एका पैशाचं पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये मनीऑर्डर, १८८२ मध्ये बचत बँक. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या हिंदू-मुसलमान चाकरमान्यांची कोकणातली घरं मनीऑर्डरवर चालली.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, नाना भाषांत लिहिलेले पत्ते, यातून त्यांनी सहा आकड्यांची वाट काढली. दोन लिप्या शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला याचं अप्रूप वाटतं. पत्ता उर्दूत असो वा मराठीत, आकडे पत्राला योग्य टपालघरापर्यंत नेतात.

आज देशात सुमारे १ लाख ६४ हजार टपालघरं आहेत आणि दहातली नऊ ग्रामीण भागात. त्यांचा भार वाहणाऱ्या अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाकसेवकांना मात्र अजून पूर्ण सरकारी नोकराचा दर्जा नाही. खात्याचा खर्च उत्पन्नाहून जास्त आहे. पार्सलचा फायदेशीर धंदा खासगी कुरिअर आणि ऑनलाइन कंपन्यांनी वाटून घेतलाय. १८९८ च्या कायद्याने सरकारला पत्रं वाहण्याचा एकाधिकार दिला होता, तो २०२३ च्या नव्या कायद्यात नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं.

बदलाला माझा विरोध नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन आता घरी येऊन बोटाचा ठसा घेतो आणि खात्यातले पैसे हातात देतो. जुन्या मनीऑर्डरचंच हे नवं रूप. वर्गात पत्रलेखन शिकवताना मुलं विचारतात, सर, पत्र आता कोण पाठवतं? मी सांगतो, पत्र हे निमित्त होतं. दारापर्यंत येणारा भरवशाचा माणूस ही खरी सेवा.

त्या माणसाला नुसत्या नफ्यातोट्याच्या वहीत मोजलं, तर आधी डोंगरातल्या वाड्या, तांडे आणि शहराकडेच्या गरीब वस्त्या सुटतील. तिथे जाणं कुरिअरला परवडत नाही. शाळा आणि दवाखाना तोट्यात आहे म्हणून आपण बंद करा म्हणत नाही. मग टपालघराला वेगळा न्याय का? सरकारने ही तूट लोकसेवेचा खर्च म्हणून उघडपणे मान्य करावी आणि डाकसेवकाला त्याचा हक्क द्यावा. नाहीतर वेगवान डाक पुन्हा दरबाराची आणि सावकाराची होईल, बाकीचे वाट बघत बसतील.