आउट ऑफ स्टेशन

भाचीच्या लग्नाला नागपूरला निघालेला रायपूरचा कर्मचारी रजेच्या इंग्रजी अर्जात बहुधा लिहितो, ‘आय विल बी आउट ऑफ स्टेशन’. इंग्रजी सुधारायला शिकवणारी पुस्तकं हा प्रयोग भारतीयांच्या नेहमीच्या चुकांत टाकतात आणि ‘आउट ऑफ टाउन’ लिहायला सांगतात. लंडनला पत्र धाडायचं असेल तर सल्ला योग्यच. पण ही चूक कुणा अर्धवट शिकलेल्या कारकुनाची नाही. हे शब्द साहेबाच्याच कचेरीतले आहेत.

कंपनी सरकारच्या काळात अधिकाऱ्याची नेमणूक ज्या ठाण्यावर होई, ते त्याचं स्टेशन. कचेरी, खजिना, बंगल्यांची रांग, कवायतीचं मैदान असा तो पसारा. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हाच अर्थ दिला आहे. शिवाय तिथे राहणाऱ्या गोऱ्या मंडळींच्या गोतावळ्यालाही स्टेशनच म्हणत, अशी नोंद आहे. वरिष्ठांना विचारल्याशिवाय नेमणुकीची जागा सोडायची नाही, हा चाकरीचा दंडक. त्यामुळे साहेब स्टेशनात आहेत की बाहेर, ही कामकाजाची गोष्ट होती.

रायपूर असंच घडलं. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर 1818 मध्ये छत्तीसगडचा कारभार काही वर्षांसाठी इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला आणि इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. पुढे प्रदेश पुन्हा नागपूरच्या भोसल्यांकडे आला; 1854 मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला, त्याची राजधानी नागपूर. रायपुरात आगगाडी आली ती 1880 च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे रूळ पडण्यापूर्वीच हे गाव ‘स्टेशन’ झालेलं होतं! अर्जातल्या स्टेशनाचा रेल्वे फलाटाशी काही संबंध नाही, हे इथे तारखांवरूनच दिसतं.

दुसरा पुरावा डोंगरावर आहे. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवी. तिथे आजही रेल्वे जात नाही, उतरावं लागतं पिपरियाला. तरी पचमढी हिल स्टेशनच. महाबळेश्वरचंही तेच.

खरी चूक वेगळीच आहे आणि ती सर्रास होते: ‘आय ॲम गोइंग टू आउट ऑफ स्टेशन’. ‘बाहेरगावी’ या आपल्या शब्दातला ‘ई’ प्रत्यय ‘टू’ होऊन मधे घुसतो. तो काढायलाच हवा. शिक्षकांनी लाल शाई इथे वापरावी. उरलेल्या तीन शब्दांवर ती खर्ची घालण्याचं कारण नाही.

वरिष्ठांना विचारूनच नेमणुकीची जागा सोडायची, या जुन्या दंडकाला सरकारी मराठीत ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ म्हणतात, छत्तीसगडच्या हिंदी अर्जांत ‘मुख्यालय छोड़ने की अनुमति’. दोन्हीकडे नेमणुकीच्या जागेचा मूळ अर्थ शाबूत राहिला. इंग्रजी शब्द मात्र कचेरीबाहेर पडला. बँकेत परगावचा चेक ‘आउटस्टेशन’ झाला, टॅक्सीवाले लांबच्या भाड्याला तेच नाव देऊ लागले. मलेशिया आणि सिंगापूरमध्येही इंग्रजांचा अंमल होता. कामासाठी परगावी गेलेला माणूस तिथेही ‘आउटस्टेशन’ असतो. ऑस्ट्रेलियात मात्र स्टेशन म्हणजे मेंढ्यांचं किंवा गुरांचं अफाट कुरण, आणि आउटस्टेशन म्हणजे त्या कुरणाचं दूरवरचं ठाणं.