थट्टा, अधिकार आणि कायदा

मालवणी बोलण्यात थट्टेला मोठा मान. अनोळखी पाहुण्याचीही दोन वाक्यांत फिरकी घेतली जाते. मात्र थट्टा करणाऱ्याच्या हातात ऐकणारीचा रोजगार असेल, तर तिचे हसणे म्हणजे संमती असे मानता येत नाही.

तारकर्ली आणि मालवणच्या किनाऱ्यावरील स्कूबा डायव्हिंगचेच पाहा. पट्टे आवळणे, पाण्याखाली हात धरणे हा येथे कामाचाच भाग आहे. शिकणारीची सुरक्षितता प्रशिक्षकाच्या हाती असते आणि तिच्या नोंदवहीवर सहीही त्याचीच लागते. अशा वेळी किनाऱ्यावर आल्यानंतरची लगट नाकारणे तिला किती सोपे असेल? बरोबरीच्या सहकाऱ्याला एकदा विचारणे आणि नकार मिळताच थांबणे ही गोष्ट वेगळी.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये 'विशाखा' निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, हे १९९९ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट झाले. पुढे २०१३ चा कायदा आला. त्यात कसोटी आहे ती वर्तन 'नकोसे' असण्याची. बढतीचे आमिष किंवा नोकरीची धमकी, उघड असो वा आडवळणाची, तीही त्यात मोडते.

दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती बंधनकारक आहे. पण सिंधुदुर्गातील डायव्हिंग केंद्रे, संगणक दुरुस्तीची दुकाने, न्याहारी-निवास योजनेतील घरे यांपैकी कित्येक ठिकाणी दहा माणसे नसतात आणि मालकच वरिष्ठ असतो. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे; खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही तीच ऐकते. तिच्याविषयी फार कमी बोलले जाते, ही खेदाची बाब. शेजारच्या गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये समित्यांच्या अवस्थेवर बोट ठेवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्यासाठी ३१ जानेवारी २०२५ ही मुदत दिली.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याकडे दिलेली तक्रार त्याने सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. चौकशीची मुदत नव्वद दिवस. केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.