अँकी

प्रश्नोत्तरांच्या कार्डांची उजळणी करून घेणारे, संगणकावर व मोबाइलवर चालणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातील डेमियन एल्म्स यांनी जपानी शिकत असताना ते तयार केले. २००६ मध्ये ते सर्वांना उपलब्ध झाले. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. कोणते कार्ड कोणत्या दिवशी विचारायचे हे मात्र सॉफ्टवेअर ठरवते, आणि त्याचे खरे मोल तिथेच आहे.

यामागचे निरीक्षण जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या तासाभरात झपाट्याने विसरते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यांना आढळले. त्याहून मोलाची नोंद अशी : बारा अक्षरगटांची एक माळ आदल्या दिवशी ६८ वेळा घोकून जे साधले, तेच आधीच्या तीन दिवसांत वाटलेल्या ३८ आवर्तनांत साधले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे आकडे ठाऊक असायला हवेत.

१९७२ मध्ये झेबास्टियान लाइटनर यांनी कप्प्यांच्या खोक्याची रीत सांगितली. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व उशिरा विचारले जाते. चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. पोलंडमधील पिओत्र वोझ्निआक यांनी उजळणीचा दिवस ठरवण्याचे काम संगणकाकडे सोपवले. त्यांच्या ‘सुपरमेमो’मधील १९८७ च्या गणनपद्धतीवर अँकीची मूळ रचना आधारलेली आहे. त्या पद्धतीत पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी ६ दिवसांनी आणि पुढची प्रत्येक सुमारे अडीचपट अंतराने येते : १५, ३८, ९५ दिवस. आठवायला जड गेले की हा गुणक घटतो, पण १.३ च्या खाली जात नाही. विसरलेले कार्ड पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. अँकीत २०२३ पासून ‘एफएसआरएस’ ही नवी पद्धतही आहे. ती वापरणाऱ्याच्या आजवरच्या उत्तरांवरून त्याच्या विसरण्याचा अंदाज बांधते.

अंतराइतकेच महत्त्व आठवण्याच्या प्रयत्नाला आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून उत्तर मनात पक्के होण्याआधी कार्ड उलटू नये. ‘हे तर येत होते’ असे म्हणत ‘बरोबर’चे बटण दाबणारा स्वतःचे नुकसान करतो, कारण पुढची तारीख त्या बटणावरच ठरते.

कार्ड करणे ही कलाच आहे. ‘सत्यशोधक समाजाची माहिती सांगा’ हे वाईट कार्ड. त्यात किती आठवले की पुरे, हे कळत नाही. ‘सत्यशोधक समाजाची स्थापना कोणत्या वर्षी झाली?’ – १८७३, हे चांगले. संस्थापक, ठिकाण, उद्दिष्ट यांची कार्डे वेगळी करावीत. न समजलेला मजकूर कार्डावर चढवला तर ती निव्वळ घोकंपट्टी होते. दुसऱ्याचे आयते संच वेळ वाचवतात, पण निवडून, कापून, आपल्या शब्दांत कार्ड लिहिताना होणारा अभ्यास त्यात राहून जातो.

परकी भाषा शिकणारे आणि वैद्यकाचे विद्यार्थी, विशेषतः अमेरिकेतील, अँकी मोठ्या प्रमाणावर वापरतात. देवनागरीत कार्डे करता येतात, त्यामुळे मराठीतून स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनाही ते सोयीचे आहे. निबंध लिहिणे, गणिताची रीत लावणे, भाषा बोलणे यांचा सराव मात्र त्याने भागत नाही.

अनेकांचा उत्साह साचलेल्या उजळणीपुढे मावळतो. मूळ मांडणीत रोज २० नवी कार्डे येतात आणि काही आठवड्यांत जुन्या कार्डांचा ढीग त्याच्या कितीतरी पट होतो. नवशिक्याने रोज पाच-सात नव्या कार्डांनी सुरुवात करावी, आणि वेळ कमी पडला तर नवी कार्डे थांबवावीत, उजळणी नव्हे.