नदीचे मूळ, विजेचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूर-राहुरीच्या मुलखात ज्या सहकारी संस्थेने सुमारे चार दशके घरोघरी आणि विहिरीविहिरींवर वीज पोहोचविली, तिने आपल्या नावातच मुळा आणि प्रवरा अशा दोन नद्या धारण केल्या असल्यामुळे, तिचे कूळ शोधू जाणाऱ्यास हा निषेध मोडल्यावाचून गत्यंतर नाही. मौज अशी की, हा शोध सह्याद्रीत न थांबता अमेरिकेतील टेनेसी नावाच्या तिसऱ्याच एका नदीपाशी जाऊन पोहोचतो.

त्या देशातील शहरे विजेच्या प्रकाशात न्हाऊन अर्धशतक लोटले, तरी १९३० नंतरच्या मंदीच्या काळात शेतकऱ्यांच्या दहा घरांपैकी नऊ घरांत रॉकेलचाच दिवा होता. कंपन्यांचा हिशेब सरळ होता : मैलभर तार ओढावी आणि तीवर दोन-तीन बिऱ्हाडे मिळावीत, हा आतबट्ट्याचा व्यवहार करतो कोण? टेनेसीच्या खोऱ्यासाठी १९३३ साली सरकारने जे प्राधिकरण स्थापिले, त्याच्याकडून घाऊक वीज घेऊन ती आपसांत वाटून घेण्याचा प्रयोग पुढल्याच वर्षी मिसिसिपी राज्यातील अल्कॉर्न परगण्याच्या रहिवाशांनी केला. जो गिऱ्हाईक तोच मालक आणि भागभांडवल कितीही असले तरी मत एकच, हे सूत्र इंग्लंडातील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली वाणसामानाच्या दुकानासाठी सिद्ध केले होते. ते आता विजेच्या खांबांवर चढले.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३८ साली जॉर्जियातील बार्न्सव्हिल येथे सांगितलेली उत्पत्तिकथा निराळी आहे. वॉर्म स्प्रिंग्ज येथील आपल्या कुटीचे पहिले वीजबिल युनिटास अठरा सेंट या दराने, म्हणजे हाइड पार्क येथील घरच्या दराच्या सुमारे चौपट आले, आणि ग्रामीण विजेचा विचार तेथून सुरू झाला, असे ते म्हणाले. थोरांना आपल्या खिशाला बसलेल्या चिमट्यातून इतिहास उगवलेला पाहणे आवडते; वस्तुतः मॉरिस कुक यांच्यासारखी माणसे पेनसिल्व्हेनियात १९२० नंतरच्या दशकातच या प्रश्नाचा अभ्यास करीत होती. ११ मे १९३५ च्या फर्मानाने ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले, तेव्हा कुक हेच त्याचे पहिले प्रमुख झाले. सरकारी कर्ज उचलून कंपन्याच गावोगाव तारा नेतील, अशी प्रथम अपेक्षा होती. परंतु त्यांचा उत्साह बेताचाच निघाला, आणि अर्ज घेऊन दारी उभे राहिले ते शेतकऱ्यांचे संघ. १९३६ च्या कायद्याने या कर्जव्यवहाराला पक्की बैठक दिली.

पाच डॉलर भरून सभासद व्हावे, आपल्या जमिनीतून तार जाऊ द्यावी, काही ठिकाणी तर महिन्याकाठी मीटरचा आकडा स्वतःच वाचून टपालाने कळवावा, असा हा काटकसरीचा संसार होता. खांबांतील अंतर वाढवून आणि सामानाचे नमुने एकसारखे ठरवून अभियंत्यांनी मैलामागचा खर्च पुष्कळच खाली आणला. त्याबरोबर एक गंमत झाली : जेथे संघ निघणार अशी कुणकुण लागे, तेथे आजवर निद्रिस्त असलेली कंपनी एकाएकी जागी होऊन त्या परिसरातील सधन घरांना तेवढी वीज देई आणि उरलेला कोरडा मुलूख संघाच्या पदरात टाकी.

हिंदुस्थानात हे बीज आले ते सरकारी वाटेने. अमेरिकेतील या संस्थांच्या राष्ट्रीय संघाने १९६२ साली तेथील साहाय्य-खात्याशी करार करून परदेशी गावांना सल्ला देण्यास आरंभ केला. इकडे २५ जुलै १९६९ रोजी ग्राम विद्युतीकरण निगम स्थापन झाले, आणि त्याच्या कर्जावर पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या : हुक्केरी, सिरसिल्ला, कोडीनार, लखनौ आणि आपली मुळा-प्रवरा. जागेची निवड अचूक होती. भंडारदऱ्याच्या पाटाचे पाणी, उसाचे मळे, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली चालू केलेला सहकारी साखर कारखाना, यांमुळे भाग, सभा, निवडणूक आणि थकबाकी हे चारही शब्द तेथील शेतकऱ्याच्या तोंडी आधीच रुळलेले होते.

चौथ्या शब्दानेच पुढे घात केला. संस्थेजवळ तारा होत्या, खांब होते, परवाना होता. वीज मात्र राज्याच्या मंडळाकडून घाऊक भावाने विकत घ्यावयाची आणि ती मुख्यतः उसाला पाणी देणाऱ्या पंपांना सवलतीच्या दराने विकावयाची. या दोन भावांतील तफावत कोणी सोसावी, यावरून मंडळाशी वर्षानुवर्षे तंटा चालला आणि देण्याचा डोंगर वाढत गेला. अमेरिकेतील संघांनी हा धोका ओळखून अनेक संघ मिळून स्वतःची वीजकेंद्रे बांधली होती. आपण त्यांची घटना आणली, नियमावली आणली, ती दुसरी पायरी मात्र तिकडेच राहिली. २०११ साली राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या निर्णयाने त्या मुलखाचा वीजपुरवठा राज्याच्या कंपनीकडे गेला.

हुक्केरीची संस्था मात्र टिकली. संकेश्वर ज्या तालुक्यात येते, तेथील शेतकरी विजेचे बिल आजही आपल्याच संस्थेकडे भरतात.