नवा फोन, जुना घाट : एका सवयीचा शंभर वर्षांचा इतिहास

दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास नवे फोन येतात आणि त्यांच्या मागोमाग एक तक्रारही येते : ‘हा तर गेल्या वर्षीसारखाच दिसतो, मग घ्यायचा कशाला?’ आज आपण या तक्रारीचा विचार करणार आहोत. वरवर ती साधी आहे, पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे. वस्तूचा घाट नवा असेल तर ती बदलायला कारण मिळतं, घाट जुना असेल तर मिळत नाही, असं ते गृहीतक. हे आपल्या डोक्यात आलं कुठून? याला इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात फोनपासून नाही, मोटारीपासून होते.

१९०८ साली हेन्री फोर्डने मॉडेल टी ही गाडी आणली. १९२७ पर्यंत तिचं उत्पादन चाललं आणि दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. या काळात फोर्डने सर्वांत जास्त काय बदललं असेल, तर ती किंमत. सुरुवातीला साडेआठशे डॉलरच्या आसपास असलेली गाडी १९२० च्या दशकाच्या मध्यावर तीनशेच्या आत आली. १९१४ ते १९२५ या काळात रंग मिळायचा तो फक्त काळा. फोर्डची भूमिका सरळ होती : वस्तू एकदा नीट साधली की तिला नटवत बसायचं नाही, ती स्वस्त करत न्यायची.

पण १९२० च्या दशकात एक नवी अडचण उभी राहिली. ज्याला गाडी हवी होती त्याच्याकडे ती आली. आता दुसरी गाडी विकायची कोणाला? तर ज्याच्याकडे पहिली आहे त्यालाच. १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेले आल्फ्रेड स्लोन यांनी हे अचूक ओळखलं. पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी मोटारीचा बाजार बदलणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : हप्त्यांवर विक्री, जुनी गाडी देऊन नवी घेणं, वरून बंद असलेली गाडी आणि दर वर्षी येणारं नवं मॉडेल.

ही यादी जरा सावकाश ऐका. हप्ते म्हणजे आजचा ईएमआय. जुनी देऊन नवी म्हणजे आजची एक्सचेंज ऑफर. दर वर्षीचं मॉडेल तर आपण बघतोच आहोत. फोनच्या दुकानात आज जे चालतं त्याचा आराखडा डेट्रॉइटमध्ये शंभर वर्षांपूर्वी तयार झालेला होता.

आता या चारपैकी तिसरी गोष्ट वेगळी काढू. बंद गाडी ही खरी सुधारणा होती. पावसात, थंडीत प्रवास करता येणं हा काही देखावा नव्हे. वार्षिक मॉडेलचं मात्र तसं नाही. १९२० च्या दशकात ड्यूको नावाचा लवकर वाळणारा रंग आला. त्यामुळे रंगकामाचा वेळ कित्येक दिवसांवरून काही तासांवर आला आणि रंगीत गाड्या मोठ्या संख्येने काढणं शक्य झालं. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ले अर्ल या रचनाकाराच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ नावाचा स्वतंत्र विभागच उघडला. त्याच वर्षी फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. कारखाना काही महिने थांबला आणि डिसेंबरमध्ये मॉडेल ए आली.

पत्रा ठोकण्याचे साचे फार महाग. म्हणून दर वर्षी सगळी गाडी बदलणं कोणालाच परवडत नसे. मग रीत अशी पडली, की काही वर्षांनी एकदा मोठा बदल करायचा आणि मधल्या वर्षांत पुढची जाळी, दिवे, क्रोमच्या पट्ट्या यांवर भागवायचं. आतला सांगाडा बहुतेक तोच. कालची गाडी आज जुनी दिसली पाहिजे, एवढं साधलं की झालं. मराठीत ‘घाट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. भांड्याचा घाट म्हणजे आकार, आणि एखाद्या गोष्टीचा घाट घालणं म्हणजे बेत रचणं. इथे दोन्ही अर्थ एकत्र आले, बरं का.

व्हान्स पॅकार्ड या अमेरिकन लेखकाने १९६० साली या प्रकाराची चिकित्सा केली. वस्तू तीन प्रकारे जुनी होते, असं त्याने मांडलं. एक, तिच्यापेक्षा चांगलं काम करणारी वस्तू येते. दोन, ती झिजते, मोडते. तीन, ती धडधाकट असते, पण आपल्या मनातून उतरते. ही विभागणी फोनला लावून बघू.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २०१६ मध्ये जिओचं जाळं आलं ते फक्त फोरजीचं. ज्यांचे फोन थ्रीजीपर्यंतचेच होते त्यांना ती सेवा वापरता येईना. लोकांनी फोन बदलले ते घाटाकडे बघून नव्हे. कारण काम बदललं होतं.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण २०१७ च्या डिसेंबरमधलं. जुन्या आयफोनची बॅटरी क्षीण झाली, की फोन अचानक बंद पडू नये म्हणून त्याचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने तेव्हा मान्य केलं. ओरड झाल्यावर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. म्हणजे आपला फोन म्हातारा झाला असं ज्यांना वाटत होतं, त्यांपैकी अनेकांना फक्त नव्या बॅटरीची गरज होती.

तिसरा प्रकार आपल्या तक्रारीच्या मुळाशी आहे. आयफोनचाच क्रम बघा. २०१२ चा ५ आणि २०१३ चा ५ एस दिसायला जवळपास सारखे. पण ५ एसमध्ये बोटाचा ठसा ओळखण्याची सोय आणि ६४ बिटचा प्रोसेसर आला. दिसायला काही नाही, आत बरंच काही. म्हणजे बाहेरचा घाट हा आतल्या बदलाचा भरवशाचा साक्षीदार नाही. उलटही घडतं. २००३ साली नोकियाने दोन फोन काढले. एक एन-गेज, विचित्र आकाराचा, खेळांसाठीचा. बोलताना तो कानाला आडवा लावावा लागे, त्यामुळे त्याची चेष्टाच झाली. दुसरा ११००. साधा, टॉर्च असलेला, धूळ सहज आत जाणार नाही असा कीपॅड, हातातून निसटू नये अशा कडा. आपल्यासारख्या देशांचा विचार करून केलेला. त्याचे वीस कोटींहून अधिक नग खपले.

मग घाट बदलायचा थांबतो का? थांबतो. सायकल घ्या. मोठं पुढचं चाक आणि छोटं मागचं, असे नाना प्रयोग झाल्यावर १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली : दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. आजही सायकल तशीच दिसते. गिअर, ब्रेक, टायर, नळ्यांचा धातू सगळं सुधारलं, पण ‘यंदाही दोनच चाकं?’ असं कोणी विचारत नाही. ॲरिस्टॉटल म्हणेल, की आकार हेतूला येऊन मिळाला. फोनचंही बरंचसं असंच झालं आहे. हातात मावेल, खिशात जाईल आणि जास्तीत जास्त पडदा देईल अशी काचेची पाटी, हे त्या हेतूचं उत्तर आहे. घडीचे फोन हा दुसरा प्रयत्न आहे, तो चालू राहीलच. पण घाट स्थिर होणं हे कारागिरीचं अपयश नव्हे. बहुधा ते तिच्या परिपक्वतेचं लक्षण असतं.

इथे आपण एक सावधगिरी बाळगू. न बदलणं हा आपोआप सद्गुण ठरत नाही. आपल्याकडे ॲम्बॅसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत मूळ घाटातच राहिली. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी कित्येक दशकं तशीच निघत होती. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. परवाना पद्धतीत ग्राहकाला नाही म्हणायची सोयच नव्हती, मग कारखान्याने सुधारणा कशासाठी करावी? तरी त्याच पद्मिनीने मुंबईची काळीपिवळी २०२३ पर्यंत ओढली, हेही खरं.

म्हणजे डेट्रॉइटमध्ये वस्तू जुनी कधी झाली हे कारखाना ठरवत होता, आणि आपल्याकडे ती जुनी झालीच नाही हेही कारखानाच ठरवत होता. दोन्हीकडे वापरणाऱ्याला कोणी विचारलं नाही. आमच्या मते खरा प्रश्न हा आहे. घाट नवा की जुना, हा त्यामानाने गौण.

याची उत्तरं आता कायद्यातही येऊ लागली आहेत. युरोपीय संघात जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे. नव्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं प्रणालीचे अपडेट द्यायचे, आणि सुटे भाग सात वर्षं उपलब्ध ठेवायचे. गुगल आणि सॅमसंग यांनी आपल्या महागड्या फोनांना सात वर्षं अपडेट द्यायचं आधीच कबूल केलं आहे.

तेव्हा नवा फोन घेताना तो वेगळा दिसतो का, हा प्रश्न बाजूला ठेवू आणि तीन साधे प्रश्न विचारू. माझं कोणतं काम अडलं आहे? ते बॅटरी किंवा काच बदलून सुटेल का? सुरक्षेचे अपडेट अजून येतात का? उत्तर ‘फोन बदला’ असं निघालं, तर तो गेल्या वर्षीसारखा दिसला म्हणून काही बिघडत नाही. आणि उत्तर ‘राहू द्या’ असं निघालं, तर कितीही नवा घाट त्याला उत्तर होऊ शकत नाही. नव्या वस्तूची हौस असणं यात पाप नाही. हौस जरूर करावी, पण हप्ता भरताना तिला गरज म्हणू नये.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.